क्लॉपनर बिअरमधलं लोणी

३ जून, सोमवार

लॉरेटाच्या दुकानातलं माझं कार्ड पुन्हा कुणीतरी फाडलं. मिनेसोटातल्या एका नव्या कारखान्याने अननस घालून बिअर काढली आहे, तिचं कार्ड. मी पंचवीसपैकी सहा गुण दिले होते आणि खाली लिहिलं होतं, ‘अननस खायचा असेल तर डबा फोडा.’ आज तेच कार्ड नव्याने लिहून त्याच दोऱ्याला अडकवून आले. फक्त सहाचे पाच केले. एक गुण फाडल्याबद्दल कापला.

लॉरेटा गल्ल्यावरून म्हणाली, "आर्डिस, अगं माल पडून राहतो तुझ्यामुळे."

"मग चांगला माल ठेव."

"साठ वर्षं ओळखते तुला. एकदा तरी माझं ऐकलंस?"

"एकदा ऐकलं होतं. केस कुरळे करून घेतले होते. फोटो आहेत अजून."

माझा नवरा ऑर्विल गेल्यापासून, म्हणजे अकरा वर्षं, मी ही कार्डं लिहिते आहे. लायब्ररीवाले जुनी कोरी कार्डं टाकून देणार होते, ती पेटीभर उचलून आणली. एका कार्डावर पाचच ओळी, म्हणून पाच गोष्टींना पाच-पाच गुण: रंग आणि फेस, वास, चव, घशाखाली उतरतानाची तऱ्हा, आणि शेवटी दुसरा ग्लास मागेन का. मला कुणी शिकवलं नाही. एकतीस वर्षं शाळेच्या खानावळीत रांधलं, तेवढंच नाकाचं शिक्षण. बाकी घरी बसून शिकले. एका ग्लासात पॉपकॉर्नवर घालतात त्या लोण्याच्या अर्काचा थेंब टाकायचा, दुसऱ्यात डब्यातल्या मक्याचं पाणी, तिसऱ्यात ओला पुठ्ठा बुडवायचा, आणि डोळे मिटून वास घ्यायचा. बिअरचे दोष असे ओळखता यायला लागले. गाव हसतं. हसू दे. दात त्यांचे, नाक माझं.

६ जून, गुरुवार

बाओ शाँग आली होती. चार वर्षांपूर्वी जुन्या लोण्याच्या कारखान्याच्या इमारतीत तिने स्वतःची बिअर काढायला सुरुवात केली. आमच्या हॅगन फॉल्समध्ये आता तेवढा एकच बिअरचा कारखाना आहे.

"टेस्केबाई, बसू का जरा?"

"बस. पण तुझ्या काळ्या बिअरला चौदा दिलेत, ते वाढायचे नाहीत."

"चौदा बरोबरच होते. मॉल्ट जळालं होतं जरासं."

म्हणून ही पोर मला आवडते. तिचे आईवडील लाओसहून आले, बाप कोंबड्यांच्या कारखान्यात राबला, आणि शाळेत माझ्या सायीतल्या मक्याला सगळ्यांत वाकडं तोंड करायची ती हीच. आज विचारलं तर म्हणाली, "अजूनही करते."

कामाची गोष्ट अशी. ऑगस्टमध्ये गावाला दीडशे वर्षं होतात. जत्रेची समिती लॉरेटाच्या हातात आहे आणि त्यांना त्या दिवशी क्लॉपनरची बिअर हवी आहे. क्लॉपनर हा गावातला जुना बिअरचा कारखाना, तो बंद पडून तेहेतीस वर्षं झाली. पण त्यांच्या शेवटच्या बिअर करणाऱ्याची वही जिल्ह्याच्या संग्रहालयात सापडली आणि बाओने तिच्यावरून हिवाळ्यात तीन वेगवेगळे नमुने करून ठेवले आहेत. गावातल्या म्हाताऱ्यांनी चाखून त्यातला एक निवडायचा.

"आणि बाटलीवरच्या चिठ्ठीवर ऑर्विलकाकांचा फोटो घालायचा ठरलंय," बाओ म्हणाली.

माझा हात कॉफीच्या कपावरच राहिला. मालकाचा नाही, बिअर करणाऱ्याचा नाही, नळ्या धुणाऱ्याचा फोटो! पंप खांद्यावर टाकून ऑर्विल एकोणीस गुत्त्यांच्या तळघरांत उतरायचा. पिंपापासून तोटीपर्यंतच्या सगळ्या नळ्या दर पंधरवड्याला कॉस्टिक सोड्याने धुवायच्या आणि भिंतीवरच्या खिळ्याला तारखेचं आणि सहीचं कार्ड अडकवायचं, हे त्याचं काम. बिअर कितीही चांगली असो, नळीत घाण साचली की तिला लोण्याचा वास मारतो. ऑर्विल म्हणायचा, "बिअर क्लॉपनरची, पण अब्रू माझी."

बाओ गेल्यावर थोडी रडले. मग उठून ओरेगॉनची एक बाटली उघडली. पाइनच्या झाडाची फांदी चावल्यासारखी कडू, पण शेवटी गोडवा येतो. एकोणीस.

९ जून, रविवार

फोटो सापडला. १९८५ सालचा, कंपनीच्या कॅलेंडरसाठी काढलेला. पंप खांद्यावर, हातात सोड्याचा डबा, आणि हसू असं की जणू डब्यात मध आहे.

यातले हात किती छान दिसतात. लग्न झालं तेव्हापासून ऑर्विलचे हात म्हणजे उन्हाळ्यातली भेगाळलेली जमीन होती. सोड्याने कातडी सोलायची. ८४च्या मार्चमध्ये तर सोडा डोळ्यात उडाला आणि डावा डोळा गेल्यात जमा झाला. कंपनीला त्याने सांगितलं, बरा झालोय. पेन्शनची पंचवीस वर्षं भरायला दोन उरली होती, सांगून करतो काय. मग मीच हट्टाला पेटले. गाईच्या सडांना लावतात ते मलम आणलं आणि रोज हातांना चोळत बसले. सहा महिन्यांत एक भेग उरली नाही! डॉक्टरांना जमलं नाही ते माझ्या मलमाने केलं.

ती दोन वर्षं एका अर्थी आमची सुखाची. कार्डावरचं बारीक अक्षर त्याला दिसेना, म्हणून रविवारी दुपारी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून आठवड्याची कार्डं मीच लिहून द्यायची. तारीख आणि खाली ‘ऑ. टे.’ उन्हाळ्यात घरी मासे तर इतके यायचे की फ्रीझर बंद होत नसे. गुत्तेवाले कामावर खूश होऊन देतात म्हणायचा. शुक्रवारी डेल्बर्टच्या गुत्त्यात तळलेले मासे खायला जाणं तेवढं सुटलं. तिथल्या धुराने डोळा चुरचुरतो म्हणायचा. आम्ही पोर्चवर बसून कारखान्यातून मिळणारी बाटलीतली क्लॉपनर प्यायचो.

फोटो उद्या बाओला नेऊन देणार.

१४ जून, शुक्रवार

आज चाखणी झाली. डेल्बर्ट क्राऊसचा गुत्ता गच्च भरला होता. डेल्बर्ट आता ब्याऐंशीचा, पण अजून रोज तोटीमागे उभा असतो. ऑर्विलचा जिवलग मित्र.

बाओने तीन नमुन्यांच्या बाटल्या आणल्या होत्या. पहिली वहीत लिहिल्याबरहुकूम. मी घोट घेतला आणि मला आमचा पोर्चच दिसला. कोवळ्या पावाचा वास, मागून गवतासारखे हॉप्स, घशातून उतरली की तोंड स्वच्छ. मी बावीस लिहून वर बघितलं तर सगळ्यांची तोंडं उतरलेली.

"हे काय, पाणी आहे," डेल्बर्ट म्हणाला. "आर्डिस, तुझ्या हातात पेन्सिल दिली म्हणून पाण्याला बावीस देशील काय?"

"डेल्बर्ट, तू आयुष्यभर ब्रँडी पीत आलास. तुझं मत कोणी विचारलंय?"

दुसरी कुणालाच आवडली नाही, मलाही नाही. तिसरी ओतली आणि गुत्त्यात आरडाओरडा झाला. "हीच! हीच ती!" लॉरेटाने डोळे पुसले. एक जण म्हणाला, माझ्या लग्नात हीच होती. मी ग्लास नाकाशी नेला. लोणी! सिनेमाच्या थिएटरात शिरल्यासारखं लोणी.

बाओ माझ्याकडे बघत नव्हती. तिला बाजूला घेतलं. "पोरी, हा दोष आहे, तुला कळत नाही?"

"कळतं हो. पण हिवाळाभर ज्याला विचारलं तो म्हणाला, क्लॉपनर सायीसारखी होती, लोण्यासारखी होती. म्हणून मुद्दाम तसं यीस्ट घेऊन केली. गावाला तीच हवी असेल तर मी काय करू?"

मी बाकावर चढण्याच्या वयाची नाही, म्हणून उभ्यानेच ओरडले, की हा घाणेरड्या नळ्यांचा वास आहे, क्लॉपनर अशी कधीच नव्हती. आणि तिसरीचे गुण मोठ्याने वाचले: नऊ.

डेल्बर्टने फडकं खांद्यावर टाकलं.

"माझ्या नळ्या घाणेरड्या होत्या म्हणतेस? त्या तुझ्या नवऱ्याने धुतल्यात. त्याची कार्डं अजून आहेत माझ्या तळघरात. पहिल्यापासून शेवटपर्यंत. तेव्हा आता गप्प बस, आर्डिस. खरंच गप्प बस."

मासे तसेच टाकून घरी आले.

१५ जून, शनिवार

रात्रभर मनाशी मांडणी केली. लोणी येतं ते दोन ठिकाणांहून: कारखान्यात बिअर नीट पिकली नाही तर, नाहीतर नळीत घाण असली तर. कारखान्यातलं नाही, कारण आमच्या बाटलीत ते कधीच नव्हतं आणि वहीतली बिअरही स्वच्छ आहे. नळ्यांतलंही नाही, कारण नळ्या ऑर्विलच्या होत्या. म्हणजे या लोकांच्या आठवणीच कुजक्या आहेत. तेहेतीस वर्षांत साय धरली असेल.

लॉरेटाचा फोन आला. "अगं, एका दिवसाची जत्रा. गोड मानून घे. तुझ्याच नवऱ्याचा फोटो आहे ना बाटलीवर?"

"म्हणून तर! त्याच्या तोंडाखाली लोणी विकू देऊ?"

१९ जून, बुधवार

डेल्बर्टच्या तळघरात जाऊन आले. म्हटलं, ती कार्डंच काढून आणावीत आणि गावाच्या नाकासमोर धरावीत. कंदिलासारखा एकच दिवा, पण कार्डं खिळ्यांना जशीच्या तशी, वरती कोळ्यांची जाळी. शेवटच्या दोन वर्षांतली सगळी माझ्या अक्षरात. एकही पंधरवडा चुकलेला नाही. अभिमान वाटला.

डेल्बर्ट जिन्यावर बसून होता. "बघितलंस? चल आता वर. गुडघे मोडतील."

मी म्हटलं, "तू त्याला मासे द्यायचास ना, त्याबद्दल कधी आभार मानायचे राहिले. नदीतले पर्च फार चांगले असायचे."

"मी? मासे?" तो हसलाच. "अगं, शुक्रवारचे मासे मी ट्रकवाल्याकडून आणायचो. ते गोठलेले कॉडचे तुकडे, ऑर्विलने तोंडात धरले नसते. पर्च कुठून..." आणि मध्येच थांबून म्हणाला, "असेल, दिला असेल एखादा. आठवत नाही."

ब्याऐंशी वय. विसरतो बिचारा.

२० जून, गुरुवार

आणखी तीन जुन्या गुत्तेवाल्यांना फोन केले. दोघे आहेत, एकाची बायको आहे. मासे कुणीच दिले नव्हते.

पोर्चवर बसले होते. नदी दिसते तिथून.

२२ जून, शनिवार

मलमाने काही केलं नव्हतं.

हे वाक्य लिहून तासभर झाला. हात बरे झाले कारण त्यांना सोडा लागतच नव्हता. तो पंप घेऊन रोज निघायचा, तळघरात उतरायचा, मी लिहिलेलं कार्ड खिळ्याला अडकवायचा आणि नदीवर जाऊन बसायचा. डोळ्यात सोडा उडालेल्या माणसाला तो डबा पुन्हा उघडवला नसेल. मासे त्यानेच धरलेले. शुक्रवारी डेल्बर्टकडे न जाण्याचं कारण धूर नव्हता. तिथल्या तोटीतून काय येतंय हे त्याला ठाऊक होतं, आणि मला वासाची जाण आहे हेही ठाऊक होतं.

तो एका डोळ्याने आंधळा होता. मी दोन्ही डोळ्यांनी.

भांडायला माणूस नाही म्हणून पोर्चवर जाऊन त्याच्या खुर्चीशी भांडले. मला का नाही सांगितलंस रे? मी दुसऱ्या दिवशी पंप खांद्यावर टाकून निघाले असते. तेच नको होतं त्याला. एकोणीस गुत्त्यांत बायको नळ्या धुतेय आणि हा ट्रकमध्ये बसलाय, हे त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं.

आणि बिअर बदलली म्हणून क्लॉपनरच्या बिअर करणाऱ्याला गाव शेवटची दोन वर्षं काय काय बोललं! त्यांचं ऐकून मीसुद्धा बोललेय. तेहेतीस वर्षांत लोक शिव्या विसरले, चव तेवढी राहिली. तो माणूस गाव सोडून गेला तेव्हा त्याला निरोप द्यायला कुणी उभं नव्हतं. त्याची वही मात्र खरी निघाली.

२३ जून, रविवार

चर्चनंतर लॉरेटाला गाडीत बसवून सगळं सांगितलं. ती पर्सचा बंद आवळत म्हणाली,

"कुणाला सांगू नकोस. झाकली मूठ सव्वा लाखाची. लोणीवाली बिअर होऊ दे, फोटो लागू दे, लोक खूश, ऑर्विलही खूश. सांगितलंस तर फोटो जाईलच, वर त्यानेच क्लॉपनर बुडवली म्हणतील. अर्ध्या गावाच्या बापांच्या नोकऱ्या होत्या तिथे."

"आणि मी त्या बिअरला किती गुण देऊ?"

"देऊ नकोस ना! एका बिअरला गुण दिले नाहीस तर जग बुडत नाही."

जग नाही बुडत. पण अकरा वर्षं लोकांच्या पोरांच्या मेहनतीला मी नऊ, सहा आणि पाच देत आले. बाओला तोंडावर चौदा दिले. आता घरचं आलं म्हणून कार्ड कोरं ठेवायचं? उद्यापासून अननसवालाही म्हणेल, बाई, माझंही झाका.

शिवाय ती वही लिहिणारा. त्याचं कोण बोलणार?

२४ जून, सोमवार

बाओकडे गेले. मोठी टाकी एक जुलैला चढवायची आहे, नाहीतर जत्रेपर्यंत बिअर पिकत नाही. म्हणजे हातात एकच शुक्रवार. तिला म्हटलं, वहीतल्या बिअरचं एक पिंप मला दे.

"कशाला?"

"डेल्बर्टची चौथ्या नंबरची तोटी नोव्हेंबरातल्या हरणांच्या शिकारीच्या मोसमापासून बंद आहे. धुतलेली नाही."

तिला क्षणात कळलं. हुशार आहे. मग सगळं सांगितलं तेव्हा तिने माझा हात धरला. "टेस्केबाई, नका करू. मी करते तिसरी. माझं नाव खराब झालं तर होऊ दे."

"तुझं नाव अजून घडतंय, पोरी. त्याला आत्तापासून पोचे कशाला?"

२८ जून, शुक्रवार

उशीर झालाय, तरी आजच लिहिते.

पिंप दुपारीच नेलं. डेल्बर्टने काही विचारलं नाही, नळी जोडून दिली, पण माझ्या नजरेला नजर देईना. संध्याकाळी गुत्ता भरल्यावर बाओने चौथ्या तोटीतून ग्लास भरले. मी म्हटलं, आणखी एक नमुना आहे, मत द्या.

पहिल्या घोटाला आवाज झाला. "ही तर तिसरीपेक्षाही जवळची!" "हीच, अगदी हीच, डेल्बर्टच्या तोटीची!" लॉरेटाने मान खाली घातली.

मग बाओने त्याच पिंपाला स्वच्छ आखूड नळी लावून सगळ्यांसमोर पुन्हा ग्लास भरले. ते चाखून एक जण म्हणाला, "ही तर त्या दिवशीची पाण्यासारखी."

"पिंप एकच आहे," मी म्हटलं. "ही क्लॉपनर. आणि तुम्हाला आवडते ती क्लॉपनर अधिक न धुतलेली नळी. शेवटची दोन वर्षं ऑर्विलने नळ्या धुतल्या नाहीत. डोळा गेला होता आणि तो सोड्याला भ्यायला होता. कार्डं माझ्या अक्षरातली आहेत. तुम्हाला जी चव आठवते, ती त्याची आणि माझी चूक आहे. बिअर करणाऱ्याला तुम्ही शिव्या दिल्यात, मीही दिल्या. त्याची बिअर बावीस गुणांची होती."

कोपऱ्यातून एक जण म्हणाला, "माझा बाप क्लॉपनरमध्ये होता, आर्डिस. चाळिसाव्या वर्षी घरी बसला."

"ठाऊक आहे. त्याची चारही पोरं माझ्या हातचं जेवली. काय बोलायचं ते मला बोल, मी जिवंत आहे."

तो टोपी घालून गेला. त्याच्यामागे आणखी पाच-सहा गेले. मी माझा ग्लास संपवला आणि मगच उठले.

२९ जून, शनिवार

सकाळी डेल्बर्ट पोर्चवर. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेले पर्च.

"हे घे. तेहेतीस वर्षं उशीर झाला."

मी खुर्ची पुढे केली. ऑर्विलची.

"मला माहीत होतं," तो म्हणाला. "एकदा खाली उतरलो तर जिन्यावर बसला होता. डबा समोर, झाकण बंद, आणि हात असे. मला म्हणाला, डेल्बर्ट, आज नको. मी म्हटलं, नको तर नको. पुढच्या वेळीही तेच. मग मी खाली जाणंच सोडलं."

"मग स्वतः का नाही धुतल्यास, मेल्या?"

"मला कुठे येत होतं? आणि लोक पीत होते की." त्याने नाक ओढलं. "त्या दिवशी कार्डांचं म्हटलं ते तू गप्प बसावीस म्हणून. तुला गप्प बसवायला निघालो, मूर्ख मी."

मासे तिथेच साफ केले आणि तळले. दोघांनी खाल्ले. तिखट बोलण्यासारखं बरंच होतं, पण काटे काढताना माणूस फार बोलत नाही.

१ जुलै, सोमवार

समितीची बैठक. बाओ उशिरा आली आणि उभ्यानेच म्हणाली, "मी सकाळी टाकी चढवली. वहीतली. आवडली नाही तर पिऊ नका." मी टाळ्या वाजवल्या. एकटीनेच.

मग बाटलीवरून फोटो काढून टाकायचा विषय निघाला. मी म्हटलं, काढायचा नाही.

"अगं, पण तूच तर सांगितलंस..." लॉरेटा.

"दोन वर्षं धुतल्या नाहीत, हे मी सांगितलं. त्याआधी धुतल्या ते कोण सांगणार? डोळा कुठे गेला त्याचा, सिनेमा बघताना? फोटो राहील. आणि बाटलीच्या मागच्या बाजूला वही लिहिणाऱ्याचं नाव येईल, मोठ्या अक्षरात. दोन्ही झालं नाही तर जत्रेत मी दारात कार्ड घेऊन उभी राहीन. मला घरी काम नसतं, हे तुम्हाला माहीत आहे."

एका मताने जिंकले. ते मत लॉरेटाचं. बाहेर पडताना म्हणाली, "अननसाचं कार्ड मीच फाडलं होतं. दोन्ही वेळा."

"तिसऱ्यांदा फाडलंस तर चार."

१६ ऑगस्ट, शुक्रवार

ऑर्विलचा पंप गॅरेजमधून काढला. बाओने रबराचे नवे वायसर बसवून दिले, डोळ्यांना चष्मा, हातांना कोपरापर्यंत मोजे. मी डेल्बर्टच्या तळघरात उतरले आणि चारही नळ्या धुतल्या. डेल्बर्ट वरून ओरडत होता, "पाणी स्वच्छ आलं!" मी खालून ओरडत होते, "अजून नाही आलं!" चौथ्या नळीतून जे निघालं ते इथे लिहीत नाही, जेवायचं आहे अजून.

सोड्याचा डबा उघडताना क्षणभर माझाही हात थांबला. केवढासा डबा. वास नाकात गेला आणि त्या पहिल्या सगळ्या वर्षांतला ऑर्विल दारातून आत आल्यासारखा वाटला.

१७ ऑगस्ट, शनिवार

जत्रा झाली. ऊन, बँड, पोल्का, चीजच्या गोळ्यांसाठी रांग. क्लॉपनर निम्म्या गावाला पांचट वाटली आणि त्यांनी ते मला मुद्दाम येऊन सांगितलं. ज्याचा बाप चाळिसाव्या वर्षी घरी बसला होता तो आला नाही. त्याचा मुलगा आला, एक बाटली घेतली, मागचं नाव वाचलं आणि बापासाठी दुसरी घेऊन गेला.

डेल्बर्ट म्हणाला, "काही म्हणजे काही नाही हिच्यात."

"तिसरा ग्लास आहे तुझा."

"खात्री करून घेतोय."

बिअरचं कार्ड लॉरेटाच्या दुकानात लावलं: तेवीस. चाखणीपेक्षा एक जास्त, मोठ्या टाकीत फेस सुधारला आहे. दुसरं कार्ड घरून लिहून नेलं होतं. ते घेऊन डेल्बर्टच्या तळघरात गेले. माझ्या अक्षरातली जुनी कार्डं काढली नाहीत. राहू देत तशीच. त्यांच्याखाली एक खिळा ठोकला.

*ऑर्विल टेस्के.*
*रंग आणि फेस: ५. उन्हात लालबुंद व्हायचा.*
*वास: ५. सोड्याचा, मग माशांचा.*
*चव: ५.*
*घशाखाली उतरतानाची तऱ्हा: ३. दोन वर्षं अजून अडकतात.*
*दुसरा ग्लास मागेन का: ५.*

बेरीज तेवीस. खाली आजची तारीख, आणि सही माझी.